मिळाली तर, मिळाली असेल तर, मिळाली असती तर

शाळेत संकेतार्थी, म्हणजे जर-तरचं, वाक्य शिकलो ते 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं' या एका उदाहरणावर. प्रकार ओळखा, गुण घ्या, पुढे चला. त्यातली खरी गंमत दाखवली आईनं, तिच्याही नकळत.

मोबाइल नव्हते तेव्हाची गोष्ट. बाबा पुण्याहून साताऱ्याला एसटीनं यायचे होते. चारच्या चहाला आई म्हणाली, "पाचची गाडी मिळाली तर आठपर्यंत येतील." सात वाजता कणीक मळताना, "मिळाली असेल तर एव्हाना खंबाटकी ओलांडली असेल." साडेनऊला बाबांचं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "मिळाली असती तर आले असते आत्तापर्यंत."

गाडी तीच, क्रियापद तेच. चार वाजता गाडी अजून सुटायचीच होती, तरी आई 'मिळाली' म्हणाली. पुढच्या गोष्टीची अट आपण सर्रास भूतकाळाच्या रूपात घालतो, कारण तिथे घड्याळ बघायचं नसतं, क्रिया पुरी होते का एवढंच बघायचं असतं. सातला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, फक्त आईला ठाऊक नव्हतं. तेवढं न कळणं 'असेल'मध्ये मावलं. आणि साडेनऊला? कुणाचा निरोप नाही, काही नाही. तरी 'असती' म्हणताना तिनं गाडी चुकली असं मनाशी ठरवून टाकलं होतं. (बाबा अकराला आले. खरंच चुकली होती.)

म्हणी बघा. 'असतील शिते तर जमतील भुते', इथे शितं असूही शकतात. 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते', इथे मिशा नाहीत हे आधीच ठरलंय. मुलांना व्याकरण असं शिकवा हो! प्रकाराचं नाव मागाहून सांगा. आधी विचारा, बोलणाऱ्याला काय ठाऊक आहे?

हे सगळं आज लिहावंसं वाटलं, कारण परवा एका घरी भेटायला गेलो होतो. माणूस जाऊन चारच दिवस झालेले. येणारा प्रत्येक जण त्या माउलीला म्हणत होता, "लवकर नेलं असतं तर वाचले असते." बोलणाऱ्यांना ती हळहळ वाटते. पण त्या 'असतं'मध्ये 'तुम्ही लवकर नेलं नाही' हे आलंच, आणि ती बाई दर वेळी ते खाली मान घालून ऐकत होती.