चौकोनाचा त्रिकोण का झाला: एका काकूंना उत्तर

काकू, (नातीला शिकवताय असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काकू.) माझ्या क्रोशाच्या चौकोनाच्या कृतीवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: मी नवशिक्यांना जाड लोकर देऊन लाडावते, टाक्यांसाठी ‘मुका खांब’ वगैरे जुने शब्द उगाच वापरते, आणि माझ्या कृतीने नातीने विणलेला चौकोन वर निमुळता होत गेला. म्हणजे माझी कृतीच चुकली.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण तिथे चूक माझीच आहे. अठरा साखळ्या (दोऱ्याचे एकात एक ओवलेले फासे) घाला, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब (उभा, उंच टाका) घाला, एवढं मी लिहिलं. सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरायचा, म्हणजे पहिली ओळ सोळा खांबांची, हे लिहायचं राहिलं. वीस वर्षं हात आपोआप चालतो ना, त्याचा हा परिणाम.

आता नातीचं काय झालं असेल ते सांगते. ओळ संपली, तिने विणकाम फिरवलं, तीन साखळ्या घातल्या, त्यांच्या बुडाचा खांब सोडून पुढे विणत गेली. इथवर बरोबर. पण ओळीच्या टोकाला मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्या उभ्या असतात. त्या खांबासारख्या दिसत नाहीत, कडेला दबून बसतात. नवशिक्याला वाटतं, ओळ संपली. वरच्या, म्हणजे तिसऱ्या साखळीत शेवटचा खांब घालायचा राहतो आणि दर ओळीला एक खांब गळतो. ओळ दर वेळी फिरते, त्यामुळे गळती आलटून पालटून दोन्ही कडांना होते आणि तुकडा दोन्हीकडून निमुळता होतो. तुम्ही आठव्या ओळीला नऊ खांब मोजलेत. सोळातून सात ओळींत सात गेले. हिशेब तंतोतंत जुळतो! त्या तिसऱ्या साखळीत रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवायला सांगा, पुन्हा चुकणार नाही.

जाड लोकरीबाबत मात्र मी माघार घेणार नाही. तुमच्या आईने तुम्हाला बारीक दोऱ्यावर आणि स्टीलच्या सुईवर शिकवलं, मान्य. नरसापूरला, आंध्रात, बायका पिढ्यान्‌पिढ्या बारीक सुती दोऱ्याची क्रोशाची लेस विणत आल्यात. पण त्या घरांत मुलीच्या डोळ्यांसमोर ते दिवसभर चालू असतं. माझ्याकडे येणारी बाई ऑफिसातून थकून येते, तिला टाक्याचं तोंड कुठे आहे हेच दिसत नाही. चार-पाच मिलिमीटरच्या सुईवर फिक्या रंगाची, केस न सुटणारी लोकर दिली की टाक्याच्या माथ्यावरच्या दोन पाती स्पष्ट दिसतात आणि सुई कुठे घालायची ते बोटांना कळतं. काळी लोकर मात्र कुणी फुकट दिली तरी नको, त्यावर मलाही दिसत नाही. हात बसला की दोरा आपोआप बारीक होत जातो.

शब्दांचं म्हणाल तर इंग्रजीत एक गंमत आहे. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश डबल म्हणतात आणि अमेरिकन डबल तिकडे ट्रेबल होतो. व्हिडिओ कुठल्या देशातला, हे आधी शोधायचं. मुका खांब, अर्धा खांब, खांब यात तो गोंधळ नाही, शिवाय आईला फोन करून विचारता येतं.

तो निमुळता तुकडा उसवू नका. त्याच्या वरच्या दोन्ही टोकांना वीस-वीस साखळ्यांचे बंद विणलेत तर बाहुलीचा छान एप्रन होईल. मूळ कृतीत सोळा खांबांची ओळ मी आज घातली आहे. नातीचा दुसरा चौकोन झाला की आठवी ओळ मोजून आकडा इथेच लिहा.