आधी उताणं झोपवू नका हो!

लेखात ‘स्थूल रुग्णाला श्वासनळीत नळी टाकायला अनुभवी हात हवा’ असं म्हटलंय. मान्य, पण हाताआधी उशी हवी! नागपुरात कॅज्युअल्टीत भूलतंत्रज्ञ म्हणून बऱ्याच रात्रपाळ्या काढल्या, म्हणून बोलतो. मे महिन्यात एकदा इतवारीकडचे एक काका आले. वजन १३०च्या वर, बसल्या बसल्या धापा टाकत होते. नव्या डॉक्टरने सवयीने उताणं झोपवलं अन् सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८८ वरून ७० वर! पोटाच्या भाराने छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो, फुप्फुसात ऑक्सिजनचा साठाच उरत नाही. आधी भरपूर ऑक्सिजन देऊन भूल दिली, की श्वास थांबल्यावरही निरोगी सडपातळ माणसाचं सॅच्युरेशन ९० टक्क्यांपर्यंत उतरायला साधारण ८ मिनिटं लागतात. एवढ्या वजनाला जेमतेम ३, आणि फुप्फुस आजारी असेल तर तेवढीही नाहीत.

मोठ्या डॉक्टर मॅडम धावत आल्या. काकांना उठवून बसतं केलं, बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लावला. आम्ही खांद्याखाली, डोक्याखाली चादरींच्या घड्या रचत गेलो, कानाचं भोक छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेशी एका रेषेत येईपर्यंत. सात लागल्या, त्यातल्या दोन शेजारच्या खाटेवरच्या. नाकातला ऑक्सिजन शेवटपर्यंत चालू ठेवला. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने (घशात बघायच्या कॅमेऱ्याच्या उपकरणाने) नळी पहिल्याच फटक्यात गेली.

काका चालत घरी गेले. धोब्याच्या हिशेबात मात्र त्या दोन चादरी अजून कमीच आहेत.