गॅरेजमधील आगीबाबत खुलासा

सांगलीतील आमच्या इलेक्ट्रिक कार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये 'चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि पाणी मारल्याने आग भडकली' असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. आग एअर कॉम्प्रेसरच्या वायरिंगला लागली, हे कॅमेऱ्याच्या चित्रणात स्पष्ट दिसते. लिफ्टवरील गाडीचा बॅटरी पॅक शाबूत असून त्याच्या नारिंगी (उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या) केबलचे आवरणही वितळलेले नाही. पाण्याविषयीचा दावा तर घातक आहे. इलेक्ट्रिक गाडीतला लिथियम-आयन बॅटरी पॅक पेटल्यास त्यातील एका सेलची (पॅकमधील छोट्या बॅटरीची) उष्णता शेजारच्या सेलमध्ये पसरत जाते आणि विझलेली आग काही तासांनीही पुन्हा भडकू शकते, म्हणूनच तो थंड करण्यासाठी अग्निशमन दल भरपूर पाणी वापरते. (हे काम मात्र जवानांचेच, आपण लांब राहून १०१ ला कळवावे.) कृपया तो संदेश पुढे पाठवू नये आणि आधीच पाठवला असल्यास त्याच ग्रुपवर हा खुलासा टाकावा.