हिडन ॲबिलिटीची ‘१०० टक्के ट्रिक’: एकेका मुद्द्याचा समाचार

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-नागपूरहून कुणाचा तरी चुलतभाऊ स्विच (निन्टेन्डोचा गेम खेळायचा कन्सोल) घेऊन गावी येतो, आठ दिवसांत गावातली चार पोट्टी ‘पोकेमॉन स्कार्लेट’च्या नादी लागतात आणि पाठोपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज येऊन पडतो: ‘ब्रीडिंगमधून हिडन ॲबिलिटी मिळवण्याची १०० टक्के ट्रिक’. ब्रीडिंग म्हणजे दोन पोकेमॉन जोडीने ठेवून अंडं मिळवणं; ॲबिलिटी म्हणजे पोकेमॉनची अंगभूत खासियत, आणि हिडन म्हणजे त्यातली सहजी न मिळणारी. मेसेज लांबलचक आहे, पण त्यात सांगितलंय ते एवढंच. आई-बाप दोघांचीही ॲबिलिटी हिडनच पाहिजे. डिट्टो (जवळपास कुणाशीही जोडी जमवणारा पोकेमॉन) चालत नाही. चाललाच तर इम्पोस्टर ही ॲबिलिटी असलेला, तोही परदेशी. डेस्टिनी नॉट ही वस्तू पोकेमॉनला धरायला दिली की ॲबिलिटी पक्की. तरी चुकलं तर अंडं फुटायच्या आधी सेव्ह करा आणि पाहिजे ते निघेपर्यंत रीसेट मारत राहा. इतकं करूनही नाहीच जमलं तर ॲबिलिटी कॅप्सूल ही वस्तू लावा.

आजच्या गेममध्ये यातलं एकही वाक्य टिकत नाही. एक अर्धं वाक्य जुन्या गेममध्ये खरं होतं, त्याचं खाली बघू. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे आकडे २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’पासून २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’पर्यंतच्या, अंडी देणाऱ्या मुख्य गेमचे आहेत. ‘लेट्स गो’ आणि ‘लेजेंड्स आर्सिअस’मध्ये ॲबिलिटीही नाही अन् ब्रीडिंगही नाही, त्यामुळे तिथे हा वादच उद्भवत नाही. ‘पोकेमॉन गो’मध्ये अंडी मिळतात खरी, पण ती पोकेस्टॉपवर, तिथे कुणी कुणाचे आई-बाप नसतात.

‘दोघांचीही हिडनच पाहिजे’

नाही. नर-मादीची जोडी असेल तर ॲबिलिटीच्या बाबतीत फक्त आईचं बघितलं जातं. बापाची ॲबिलिटी गेम विचारातच घेत नाही.

हिशेब असा. ॲबिलिटीच्या जागांना स्लॉट म्हणतात: पहिला आणि दुसरा हे साधे, तिसरा हिडन. आईची ॲबिलिटी पहिल्या स्लॉटमधली असेल तर अंड्याला ८० टक्के पहिला स्लॉट, २० टक्के दुसरा. आईची दुसऱ्या स्लॉटमधली असेल तर हेच आकडे उलटे. आईची हिडन असेल तर ६० टक्के हिडन, आणि उरलेले ४० टक्के दोन साध्या स्लॉटांत निम्मे-निम्मे. आई साधी असेल तर हिडनची शक्यता शून्य, मग बाप कितीही भारी असो. आणि दोघंही हिडन असले तरी आकडा ६० च राहतो. बापामुळे त्यात एक टक्काही वाढत नाही.

आपल्याकडे हा गैरसमज लवकर रुजतो त्याचंही नवल नाही. आर्वीकडच्या गवळाऊ गाईची पैदास सांगताना माणूस आधी वळू कोणता होता ते विचारतो, गाईचं नंतर. पोकेमॉनची अंडी त्या हिशेबाने चालत नाहीत.

गारचॉम्पचं उदाहरण घ्या; गिबल हे त्याचं पहिल्या अवस्थेतलं रूप. गिबल-गारचॉम्पची साधी ॲबिलिटी सँड व्हेल, हिडन रफ स्किन. रफ स्किनवाली मादी गारचॉम्प आणि नर चारिझार्ड यांचे एग ग्रुप (कुणाची कुणाशी जोडी जमते त्याचे गट) जुळतात, त्यामुळे अंडं येतं. अंड्यातून निघणार गिबल, कारण जात आईची, आणि रफ स्किनची शक्यता ६० टक्के. हीच जोडी उलटी करा: रफ स्किनवाला नर गारचॉम्प, मादी चारिझार्ड. आता अंड्यातून चारमँडर (चारिझार्डचं पहिलं रूप) निघणार आणि रफ स्किनचा प्रश्नच संपला. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, कारण तो दिसायला बरोबर दिसतो: नर रफ स्किनवाला, मादी सँड व्हेलवाली, दोघंही गारचॉम्प. इथे पाच पेट्या अंडी काढली तरी रफ स्किनचा एकही गिबल निघणार नाही. ग्रुपवर ‘माझ्या गेममध्ये बग आहे’ म्हणून रडणाऱ्यांनी आधी आपली मादी तपासावी.

बाप मग कशाला? आयव्ही (जन्मजात ताकदीचे आकडे) तो देतो, एव्हरस्टोन ही वस्तू त्याच्याकडे असेल तर नेचर (स्वभाव) देतो, एग मूव्ह (अंड्यातून येणारे डाव) देतो. ॲबिलिटी तेवढी देत नाही.

मग ट्रिक ‘चालते’ कशी, हा प्रश्न रास्त आहे. मेसेज पाळणाऱ्याने आई हिडनवाली ठेवलेलीच असते, म्हणजे ६० टक्के तर आपोआपच मिळतात. सलग तीन अंड्यांत एकदाही हिडन न निघण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ६.४ टक्के. तीन अंडी काढणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव-चौऱ्याण्णव जणांना ती मिळतेच. अंडी काढताना कुणी स्विचवर लिंबू-मिरची बांधली असती, तरी तीही इतकीच ‘चालली’ असती.

‘आईची होती ती आलीच नाही, म्हणजे दोघं लागतात’

हा मुद्दा मेसेजच्या पुरवणीत येतो, आणि खरी गल्लत इथे आहे. अंड्यात ॲबिलिटीचं नाव उतरत नाही, स्लॉट उतरतो. पहिला, दुसरा की हिडन, एवढंच. त्या स्लॉटमध्ये कोणतं नाव लिहिलंय ते त्या-त्या पोकेमॉनवर अवलंबून.

सिल्व्हिऑनची हिडन ॲबिलिटी पिक्सिलेट. पिक्सिलेटवाली मादी सिल्व्हिऑन ठेवली की अंड्यातून ईव्ही, म्हणजे सिल्व्हिऑनचं पहिलं रूप, निघते, आणि तिच्या माहितीच्या पानावर पिक्सिलेट कुठेच दिसत नाही, दिसतं ॲन्टिसिपेशन. पोट्टा म्हणतो, ‘गेली!’ आणि ईव्ही सोडून देतो. अरे बाप्पा, तीच तर पाहिजे होती. ईव्हीचे स्लॉट असे: पहिला रन अवे, दुसरा ॲडॅप्टेबिलिटी, हिडन ॲन्टिसिपेशन. ॲन्टिसिपेशनवाली ईव्ही सिल्व्हिऑन झाली की तिची पिक्सिलेट होते, एस्पिऑन झाली की मॅजिक बाउन्स, अंब्रिऑन झाली की इनर फोकस. स्लॉट तोच, नाव बदलतं. ड्रॅगोनाइटचंही तसंच: मल्टिस्केल पाहिजे असेल तर अंड्यातल्या ड्राटिनीवर मार्व्हल स्केल शोधायचं. शेड स्किन दिसली तर ती साधी.

यात अडचण अशी की समरीच्या, म्हणजे पोकेमॉनच्या माहितीच्या पानावर ॲबिलिटीचं नाव येतं, पण ती हिडन आहे असं गेम कुठेही लिहून दाखवत नाही. म्हणून अंडी काढायच्या आधी अंड्यातून निघणाऱ्या, म्हणजे पहिल्या अवस्थेतल्या पोकेमॉनच्या तिन्ही ॲबिलिटी वहीत लिहून घ्याव्यात. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी एक गंमत, जी कसलेल्यांनाही चकवते. वेपोरिऑन हेही ईव्हीचंच पुढचं रूप; तिची साधी ॲबिलिटी एकच, वॉटर ॲब्सॉर्ब. पण आतमध्ये तिचा स्लॉट पहिला आहे की दुसरा हे नोंदलेलं असतं, फक्त बाहेरून कळत नाही. दोन मादी वेपोरिऑन, दोघींवर वॉटर ॲब्सॉर्ब, तरी एकीची पिल्लं बहुतेक रन अवेवाली आणि दुसरीची बहुतेक ॲडॅप्टेबिलिटीवाली निघू शकतात. यात बग नाही. चार-पाच पिल्लं बघितली की आईचा स्लॉट कळून येतो.

रिओलूवर लोक अडकतात ते वेगळ्या कारणाने. प्रँकस्टरवाला रिओलू हाती लागला आणि त्याची अजून पिल्लं पाहिजेत. पण रिओलू बेबी पोकेमॉन असल्यामुळे त्याला अंडी होतच नाहीत. आधी त्याच्याशी मैत्री वाढवून दिवसा लुकारिओ करावा लागतो. मग पानावर प्रँकस्टर जाऊन जस्टिफाइड येतं, आणि इथे बरेच जण घाबरून गेम बंद करतात. घाबरायचं कारण नाही. त्या लुकारिओची पिल्लं पुन्हा ६० टक्के प्रँकस्टरवाले रिओलूच होणार.

‘डिट्टो चालत नाही’

हेच ते अर्धं खरं वाक्य. हिडन ॲबिलिटी आली २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये. तेव्हा ती फक्त मादीकडून, तीही खऱ्या नरासोबत ठेवली तरच उतरायची. डिट्टोसोबत उतरत नव्हती, त्यामुळे हिडनवाला नर असला तरी पुढच्या पिढीसाठी तो बिनकामाचा. ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये हा नियम बदलला. डिट्टोसोबत आता नर, मादी किंवा लिंग नसलेला, कुणीही ठेवा, त्याची हिडन ॲबिलिटी ६० टक्के उतरते. डिट्टो नसलेला जो जोडीदार असेल तोच इथे ‘आई’ समजायचा.

हे फार कामाचं आहे, कारण स्टार्टर (गेमच्या सुरुवातीला मिळणारे पोकेमॉन), ईव्ही, रिओलू यांच्यात आठातली एकच मादी असते. नर हाती लागला म्हणून हळहळत बसायचं कारण उरलं नाही. फक्त नरच असलेल्या रफलेटला किंवा लिंग नसलेल्या बेल्डमला तर डिट्टोवाचून दुसरी वाटच नाही.

डिट्टोची स्वतःची ॲबिलिटी लिंबर असो की इम्पोस्टर, अंड्यावर परिणाम शून्य. परदेशी डिट्टोचा उपयोग आहे, पण दुसऱ्या कामाला: आई-बाप वेगवेगळ्या भाषेच्या गेममधले असले की शायनीची (वेगळ्या रंगाच्या पोकेमॉनची) शक्यता ४०९६ मध्ये १ वरून सुमारे ६८३ मध्ये १ होते. ॲबिलिटीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. आणि तो डिट्टो परदेशातूनच यावा असंही नाही. गावातल्या दुसऱ्या कुणी आपला गेम सुरू करताना भाषा स्पॅनिश किंवा जपानी निवडली असेल, तर त्याचा डिट्टो तितकाच ‘परदेशी’. अदलाबदल लोकल वायरलेसवर होते, दोन स्विच शेजारी-शेजारी ठेवून. नेट लागत नाही, टॉवर गेलेला असला तरी चालतं.

‘डेस्टिनी नॉट’ आणि रीसेट

डेस्टिनी नॉट आई-बापांच्या मिळून १२ आयव्हींपैकी ५ उतरवते; ती नसेल तर ३ उतरतात. एव्हरस्टोन नेचर उतरवतो. ॲबिलिटी उतरवणारी धरायची वस्तू गेममध्ये नाहीच. विषय संपला.

रीसेटचा सल्ला मात्र वेळ खातो. अंडं हातात आलं तेव्हाच त्याची ॲबिलिटी ठरलेली असते. फुटायच्या आधी सेव्ह करून पन्नासदा रीसेट मारा, पन्नासदा तोच पोकेमॉन निघेल. त्यापेक्षा अंडीच जास्त काढावीत. ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये ते असं:

टीममध्ये फक्त दोघं ठेवा, हिडनवाला आणि डिट्टो. पिकनिक मांडा. केळं, पीनट बटर आणि बटर घालून सँडविच करा. त्याने एग पॉवर (अंडी लवकर मिळण्याची शक्ती) लेव्हल २ मिळते आणि ती ३० मिनिटं टिकते. टेबलाजवळच्या टोपलीत अंडी जमत जातात, एकावेळी जास्तीत जास्त १०, म्हणून मधूनमधून ती रिकामी करत राहा. स्विचचा ऑटो स्लीप बंद करा, कारण कन्सोल झोपला की अंडी पडणंही थांबतं. लोडशेडिंगची वेळ बघून बॅटरी आधीच भरून घ्या.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक फ्लेम बॉडी या ॲबिलिटीची. टॅलनफ्लेमसारखा फ्लेम बॉडीवाला सोबत असला की अंडी निम्म्या चालण्यात फुटतात, म्हणून लोक त्याला पिकनिकलाही टीममध्येच ठेवतात. डिट्टो काय, कुणाशीही जमवून घेतो. मग टोपलीत पाहिजे त्या गिबलच्या अंड्यांत बम फ्लेचलिंगची (टॅलनफ्लेमच्या पिल्लांची) अंडी मिसळतात, आणि बाहेरून सगळी अंडी सारखीच दिसतात. टॅलनफ्लेम पिकनिक आवरल्यावर घ्या.

‘नाहीच जमलं तर कॅप्सूल’

हा तर शुद्ध भैताडपणा, आणि महागडाही. ॲबिलिटी कॅप्सूल पहिला आणि दुसरा स्लॉट आपसात बदलते. हिडन देत नाही, हिडनवाल्यावर लागतही नाही, आणि गिबलसारखी एकच साधी ॲबिलिटी असलेल्यावर तर काहीच करत नाही. ‘स्कार्लेट’मध्ये चॅन्सी सप्लायच्या दुकानात तिचे गेममधले १ लाख जातात.

हिडनसाठी लागतो तो ॲबिलिटी पॅच. २०२० च्या ‘क्राउन टुंड्रा’त (‘स्वॉर्ड’ आणि ‘शील्ड’च्या जोडभागात) तो पहिल्यांदा आला; तिथे २०० डायनाइट ओर देऊन मिळतो. ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये ६ स्टारच्या टेरा रेड (गटाने लढायच्या लढाया) जिंकल्यावर कधी-कधी पडतो. पॅचने हिडन केलेला पोकेमॉनही ती पुढे ६० टक्के उतरवतो, म्हणून एका घराण्याला एकच पॅच पुरतो: एकावर लावा, डिट्टोसोबत ठेवा, पुढची पिल्लं फुकट. पण एकच पोकेमॉन लढवायचा असेल आणि पॅच हाताशी असेल, तर अंड्यांच्या भानगडीत न पडता थेट त्यालाच लावलेला बरा. नेचर बदलायला मिंट आहेत, आयव्ही वाढवायला हायपर ट्रेनिंग आहे.

राहिले फोनवर जुनं ‘एमराल्ड’ किंवा ‘फायररेड’ खेळणारे, आणि गावाकडे हेच जास्त. तुमच्या गेममध्ये हिडन ॲबिलिटीच नाही. दोन साध्या ॲबिलिटी असतील तर पिल्लाला कोणती मिळेल ते निव्वळ ५०-५०, आई-बापांकडे न बघता. ‘फायररेड’मध्ये रूट ५ वरच्या डे-केअरमध्ये (पोकेमॉन सांभाळायला ठेवायच्या जागी) एकच पोकेमॉन राहतो, तिथे अंडं कधीच मिळत नाही, त्यासाठी फोर आयलंडचं डे-केअर गाठावं लागतं. कुणाच्या फोनवर नियम बदललेला रोमहॅक (चाहत्यांनी फेरफार केलेला गेम) असेल तर वरचे आकडे त्याला लागू होतीलच असं नाही. त्याने एकाच जोडीची वीसेक अंडी फोडून स्वतःची मोजणी करावी.