बुटका गहू, जुना गहू आणि ‘दोषी जनुक’

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हरितक्रांतीत गव्हाची जनुकं बदलली आणि तेव्हापासून ग्लुटेन (कणकेला चिकटपणा देणारी गव्हातली प्रथिनं) बाधायला लागलं, जुना गहू निर्धोक होता, आणि दोषी जनुक माहीत असूनही शास्त्रज्ञ ते काढत नाहीत, म्हणजे नक्कीच कुणाचे तरी हितसंबंध आड येतात. गहू बंद केल्यावर तुम्हाला बरं वाटलं, हा तुमचा पुरावा.

गहू बुटका करणारी जनुकं आली नोरिन 10 या जपानी वाणातून. ती बसतात 4बी आणि 4डी या गुणसूत्रांवर (आकडा गुणसूत्राच्या गटाचा, अक्षर जनुकसंचाचं; संचांविषयी पुढे). जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला ती रोपाला दाद देऊ देत नाहीत. काड आखूड राहतं आणि भरलेल्या ओंबीच्या वजनानं पीक लोळत नाही. ग्लुटेनची जनुकं आहेत पहिल्या आणि सहाव्या गटाच्या गुणसूत्रांवर, म्हणजे वेगळ्याच ठिकाणी. आता, संकर करताना बाकीच्या गुणसूत्रांचीही सरमिसळ होते, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. रास्त आहे. गव्हाच्या प्रथिनांचे अभ्यासक डोनाल्ड कसार्डा यांनी 2013 मध्ये अमेरिकेतल्या गव्हाच्या विसाव्या शतकातल्या नोंदी तपासल्या, तर पैदाशीमुळे ग्लुटेन वाढल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. शिवाय तारखा बघा. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं सीलिअ‍ॅक आजाराचा (यात ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर बिघडतं) गव्हाशी संबंध दाखवला, तो प्रबंध 1950 चा. हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग यांचे बुटके वाण मेक्सिकोत आले 1962 मध्ये.

‘जुन्या गव्हा’बाबत मात्र तुम्ही अर्धे बरोबर आहात, फक्त काळ काही हजार वर्षांनी चुकलाय. पावाच्या गव्हात तीन पूर्वजांचे जनुकसंच एकत्र नांदतात: ए, बी आणि डी. गुणसूत्रं एकूण 42. डी संच आला एका रानगवताकडून, एजिलॉप्स टाउशीकडून, साधारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, शेताच्या बांधावर आपोआप झालेल्या संकरातून. सीलिअ‍ॅकमध्ये सर्वांत उपद्रवी ठरलेला तुकडा याच संचातून येतो. 6डी गुणसूत्रावरच्या अल्फा-ग्लायडिन (ग्लुटेनमधलं एक प्रथिन) जनुकांमुळे बनणारी ही 33 अमिनो आम्लांची साखळी प्रोलीन आणि ग्लुटामीन या अमिनो आम्लांनी इतकी खच्चून भरलेली असते की आपली पाचक विकरं ती तोडू शकत नाहीत. ती आतड्याच्या अस्तरात अखंड पोचते. तिथं आपलंच एक विकर तिच्यातल्या काही ग्लुटामीनचं ग्लुटामिक आम्ल करतं, आणि ज्यांच्या पेशींवर एचएलए-डीक्यू2 प्रकारची प्रथिनं (रोगप्रतिकारशक्तीला परके तुकडे दाखवणारी) आहेत, त्यांच्या त्या प्रथिनांत ती नेमकी जाऊन बसते. पुढचा दाह रोगप्रतिकारशक्ती घडवते. (हे डीक्यू2 असूनही बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, हे कोडं वेगळंच.)

मग आइनकॉर्न किंवा एमर हे गव्हाचे जुने प्रकार खावेत का? त्यांच्यात डी संच नाही, म्हणून ही 33 ची साखळीही नाही. पण ए संचातल्या ग्लायडिनमध्येही आजार चेतवणारे तुकडे आहेत, त्यामुळे सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला तेही वर्ज्यच. ‘प्राचीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पेल्ट या गव्हामध्ये तर डी संचही आहे. पाकिटावरच्या त्या शब्दाचा मला मनस्वी राग येतो.

राहिला ‘दोषी जनुक’ काढण्याचा मुद्दा. तो एकवचनी असता तर काम केव्हाच झालं असतं. एकट्या अल्फा-ग्लायडिनची डझनावारी जनुकं तिन्ही संचांत विखुरलेली आहेत. गॅमा आणि ओमेगा ग्लायडिनची, आणि ग्लुटेनिन या ग्लुटेनमधल्या दुसऱ्या प्रथिनगटाची निराळीच. आणि सगळी सारख्या स्वभावाची नाहीत. 1डी गुणसूत्रावरची डीएक्स5 आणि डीवाय10 ही ग्लुटेनिनची जोडी घ्या. डीएक्स5 मध्ये सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल एक जास्त असतं. त्यामुळे रेणूंमध्ये गंधकाचा आणखी एक दुवा जुळू शकतो, कणीक ताणाला टिकते आणि पाव फुगतो. तिच्या जागी डीएक्स2 आणि डीवाय12 असतील तर कणीक सहसा ढिली पडते. पैदासकार दाणा आडवा कापतात, अंकुर नसलेल्या अर्ध्या भागातली प्रथिनं जेलच्या थरावर आकारानुसार वेगळी करून या जोडीच्या पट्ट्या बघतात आणि पसंत पडला तर अंकुराचा अर्धा भाग पेरतात. तुम्ही म्हणता तसं सरसकट ग्लुटेन काढलं, तर हीदेखील जाणार.

आणि कुणी प्रयत्नच करत नाही, हे तर अजिबात खरं नाही. 2018 मध्ये स्पेनमधल्या गटानं क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रानं अल्फा-ग्लायडिनची जनुकं एकदम लक्ष्य केली; गव्हाच्या एका वंशात 45 पैकी 35 जनुकं बिघडवली आणि पिठाची प्रतिकारशक्तीला चेतवण्याची क्षमता 85 टक्क्यांनी घटली. मोठी मजल आहे. पण उरलेले 15 टक्के सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला पुरेसे घातक आहेत.

तुम्हाला बरं वाटलं, ते मी नाकारत नाही. गव्हात ग्लुटेनबरोबर फ्रुक्टान ही साखळीसाखरही असते आणि अनेकांचं पोट फुगतं ते तिच्यामुळे. गहू सोडला की दोन्ही एकदम सुटतात, त्यामुळे नुसत्या अनुभवावरून दोषी कोण ते कळत नाही. सीलिअ‍ॅकची रक्तचाचणी मात्र गहू खाण्यात असतानाच खरी येते. आहारातून ग्लुटेन गेलं की प्रतिपिंडं ओसरतात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. तुमची चाचणी अजून झाली नसेल, तर ती करण्याआधी गहू किती आणि किती दिवस पुन्हा खायचा, हे पोटविकारतज्ज्ञांना विचारून घ्या.