गुण्यावरचा टॅग आणि तुमची हरकत

नमस्कार साहेब,

नव्या हत्यारांवरचा चोरी पकडणारा टॅग, स्टिकर आणि वेष्टन घरी कसं काढावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तीस वर्षं हार्डवेअरच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तो का खटकला, ते कळतं. तुमचे आक्षेप तीन: टॅग काढायला शिकवून मी चोरांची शिकवणी घेतोय, वेष्टन कात्रीने कापायला लेख कशाला हवा, आणि स्टिकरचा चिकटा काढायला अ‍ॅसिटोन सांगणं चूक आहे. शिवाय टॅग काढायचाच कशाला, असंही विचारलंत. अ‍ॅसिटोनचं तुमचं शंभर टक्के खरं, म्हणून आधी तेच.

'अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसा' असं मी सरसकट लिहून गेलो. उघड्या पोलादावर ते चालतं. पण स्क्रू ड्रायव्हरच्या पारदर्शक मुठी बऱ्याचदा सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या असतात, आणि ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. मूठ बुळबुळीत होते, वाळली की डागाळते. लेखात दुरुस्ती केली आहे. मुठीला खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवायचं आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडायचं.

आता चोर. तुमच्याकडे माल गल्ल्यामागे असतो, मागितल्यावर हातात येतो. पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांतही तसंच. मोठ्या दालनांत गिऱ्हाईक स्वतःच उचलून टोपलीत टाकतं, म्हणून तिथे टॅग आला. मी सांगितलेलं काम घरी, टेबलावर, बिल चुकतं केल्यानंतरचं आहे आणि त्यात अर्धा-पाऊण तास जातो. एवढी सबुरी असती तर चोर सुतारच झाला नसता का? कडक प्लास्टिकचा टॅग काढायचा राहून गेला असेल तर घरी पक्कड घेऊन झटू नका, बिल घेऊन दुकानात परत जा, हेही लेखात होतं. ते तुमच्या नजरेतून सुटलं असावं.

पण टॅग काढायचाच कशाला, हा तुमचा प्रश्न मला जास्त आवडला. माझ्या गुण्याचं, म्हणजे काटकोन तपासायच्या सुतारी हत्याराचं सांगतो. पात्यावर बोटाच्या दोन पेरांएवढी पांढरी, जराशी फुगीर पट्टी चिकटवलेली होती. अशा पट्टीत धातूच्या पातळ फिती असतात आणि त्यातली एक चुंबकित असते. दारातल्या खांबांमधून 58 किलोहर्ट्झचे ठोके सुटतात, त्या तालावर बाकीच्या फिती थरथरतात आणि ठोका थांबल्यावरही क्षणभर थरथरत राहतात. खांब ते ऐकतो. बिल करताना चुंबकित फितीचं चुंबकत्व घालवतात, म्हणजे थरथरणाऱ्या फितींचा सूर बदलतो आणि खांब गप्प बसतो. चुंबकाची ती फीत मात्र शाबूतच असते. तिला पुन्हा चुंबक लागला तर ती परत जागी होऊ शकते.

माझी हत्यारं भिंतीवरच्या चुंबकपट्टीवर असतात. सहा महिन्यांनी तोच गुण्या पिशवीत घालून मी दुसऱ्याच एका दालनात शिरलो आणि दार बोंबललं. सुरक्षारक्षकाने पिशवी तिथेच रिकामी करायला लावली. बिल अर्थातच घरी!

घरी येऊन पट्टी सोलली. पावसाळा होऊन गेला होता. पट्टीच्या कडेने ओल धरून पात्यावर तांबूस चौकट उमटली होती, पट्टीच्याच मापाची. कानशीने घासायची सोय नाही, कारण गुण्याची धार घासली तर काटकोन गेला. बारीक पॉलिश पेपर आणि तेल घेऊन बसलो, तरी सावली आहेच.

वेष्टनाबद्दल वाद घालत नाही. दोन्ही बाजूंनी वितळवून जोडलेलं ते जाड प्लास्टिक कात्रीने कापलं की कापलेली कड पात्यासारखी लागते, एवढंच म्हणेन. माझ्या अंगठ्यावर खूण आहे. पत्रा कापायच्या कात्रीने मागच्या बाजूने, शिवणीच्या आतून कापावं. पुठ्ठा फेकू नये. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे उत्पादक, महिना-वर्ष, किंमत, तक्रारीचा पत्ता सगळं त्यावर असतं. बिलाची शाई उडते, म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवावा.

तुमचं दुकान कुठे आहे ते कळवा. पुढचा गुण्या तुमच्याकडूनच घेईन. किमतीचं स्टिकर तेवढं पात्यावर लावू नका.