पुडीतलं ओआरएस आणि पॅकमधलं 'ओआरएस' एकच नव्हे

आईवडिलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "ओआरएस ते ओआरएसच. नावात एखादं अक्षर जास्त असलं तर तो कंपनीचा ब्रँड. पुडीचं पाणी खारट लागतं, पोरं पीत नाहीत. त्यापेक्षा फळांच्या चवीचा तयार पॅक द्या, साखरेने तरतरीही लवकर येते. मेडिकलमध्ये मिळतो म्हणजे औषधच आहे." जुलाब लागलेल्या लहान मुलासाठी हा सल्ला धोक्याचा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"एखादं अक्षर जास्त असलं तर काय?" ओआरएस म्हणजे ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स. हे ठरलेल्या मापाच्या मिश्रणाचं नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी साधं मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम लागतं. हे प्रमाण बदललं की ते ओआरएस राहत नाही, मग वेष्टनावर ती तीन अक्षरं कितीही ठळक छापा. याच कारणावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. त्याआधी नाव चालायचं, फक्त हे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीचं ओआरएस नाही, अशी सूचना छापावी लागे. आजारी पोर कडेवर घेऊन दुकानात उभी असलेली आई ती सूचना कधी वाचणार?

"साखरेने तरतरी येते." सगळ्यात घातक मुद्दा हाच. पुडीत ग्लुकोज घातलंय ते ताकदीसाठी नाही. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही हा मार्ग बऱ्याच अंशी शाबूत असतो, ओआरएसचं सगळं यश त्यावरच उभं आहे. साखर मापाबाहेर गेली की उलटं होतं: आतड्यातलं द्रावण दाट होतं, शरीरातलं पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. पॅक उलटा करून पाहा. १०० मिलिलिटरला १० ग्रॅम साखर लिहिली असेल, तर लिटरला १०० ग्रॅम झाली. कुठे साडेतेरा, कुठे शंभर!

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. हे यश त्या मापाचं आहे. गोड पेयाने ते नाव लावून फिरावं, याची चीड येते.

"पोरं पीत नाहीत." हे खरं आहे, त्रास होतोच. पण घटाघटा पाजायचं नसतंच. चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच, उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खी पुडी विरघळवा, वरून साखर घालू नका, आणि उरलेलं २४ तासांनी टाकून द्या.

"मेडिकलमध्ये मिळतो." मेडिकलमध्ये बिस्किटंही मिळतात. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असेल तर ते खाद्य. औषधाच्या पुडीवर ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्सपुढे 'आय. पी.' लिहिलेलं असतं, म्हणजे इंडियन फार्माकोपियाच्या मानकाप्रमाणे बनवलेलं.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, काहीच पोटात ठरेना किंवा शौचातून रक्त दिसलं, तर पुडीवरही विसंबून राहू नका. लगेच दवाखाना गाठा आणि वाटेत चमच्याने ओआरएस पाजत राहा.